खालची डावी, सहावी

खुर्ची मागे कलते. दिवा थेट बुबुळात.
खिडकीतून बंद पडलेल्या कथील-खाणीचं धुराडं दिसतं,
त्याच्या तोंडाशी एक सीगल,
कुणीतरी त्यालाही 'आ करा' म्हटल्यासारखा.

"खालची डावी, सहावी," डॉक्टर योआना म्हणतात.
केरेन्सा माझ्या गालात नळी अडकवते.
सुर्रर्र. थुंकी माझी, पण जाते तिच्या हुकमाने.

दोघी माझ्यावरून बोलतात,
शेजारणी कुंपणावरून बोलतात तशा.
मी कुंपण.

"अर्ज भरलास?"
"अर्धा. अकरा वर्षं ही नळी धरलीये
आणि विचारतायत, दंतक्षेत्राची ओळख कशी झाली
ते चार हजार अक्षरांत लिहा."
"आणि पैसे?"
"कोर्सच्या काही वर्षांचे आरोग्यखातं देतं म्हणे.
पहिलं वर्ष कर्जावर.
पण मी एकोणिसाव्या वर्षी टुरिझमचं एक वर्ष केलं होतं ना,
सोडून दिलं होतं, आई आजारी पडली तेव्हा.
ते वर्ष आता माझ्या खात्यातून वजा.
फोनवरची बाई म्हणाली, सोडलेलं वर्षही वर्षच असतं."

ड्रिल सुरू होतं. मधलं काही ऐकू येत नाही.
भाडं, धाकट्याची पाळणाघराची फी,
ट्रुरोपर्यंतची सकाळची बस, असे तुकडे
पाण्याच्या तुषारांबरोबर उडत राहतात.
मग ड्रिल थांबतं.

"...आणि जीवशास्त्रात बी हवा. माझा ई.
नर्सचं सर्टिफिकेट त्याऐवजी चालेल असं एक कॉलेज म्हणतं,
दुसरं म्हणतं, नाही.
दात आहेत तर चणे नाहीत, डॉक्टर."

ई.

कोणत्या सालचा? मला विचारायचंय,
पण तोंडात दोन माणसांचे चार हात आहेत.
या गावात जीवशास्त्र शिकवणारा
एकोणतीस वर्षं मीच होतो.
केरेन्सा नान्कॅरो. तिसरा बाक?
पेशीच्या आकृतीत केंद्रक रंगवायची हिरवं,
की ती दुसरीच कुणी?
प्रगतिपुस्तकावर मी पुष्कळांना लिहायचो
'विज्ञान हा हिचा प्रांत नव्हे.'
छान वळणदार अक्षरात. शाई सुकवून.

खरी दातखीळ बसते ती
जबडा सताड उघडा असताना.

माझं कार्ड तिच्या समोरच्या पडद्यावर आहे,
ट्रेगेन्झा, ठळक अक्षरांत. तिने ते सकाळीच वाचलं असणार.
नळी ती जराही जोरात दाबत नाही.
तेच लागतं.

"चूळ भरा, सर."

सर. म्हणजे ओळखलंय.
मी पेला उचलतो, अर्धं पाणी शर्टावर.
सुन्न ओठांनी म्हणतो,
जीवशास्त्र... मी... मंगळवारी... फुकट...
शब्द मऊ होऊन हनुवटीवरून ओघळतात.
ती टिश्यू देते.
"जीवशास्त्र मी रात्री करते, धाकटा झोपल्यावर.
वृक्कापर्यंत आलेय.
अर्जात त्याची एक ओळ आहे, सर. पैशाची साडेतीन पानं."
मग मास्क खाली ओढून, जरा थांबून,
"शिफारसपत्र मात्र लागतं.
शिकवलेल्या माणसाचं."

बाहेर वारा. अर्धा चेहरा घरी नेतो,
अर्धा अजून परका.
चहा गळतो, बिस्किट गालाखाली हरवतं.
जुनी शाई वाळून गेलीय, म्हणून बॉलपेन.
'केरेन्सा नान्कॅरो हिला मी'
इथे थांबलोय.
ओळखतो, लिहू?
की शिकवलं?
सीगल धुराड्यावरून उडाला वाटतं.
ओठात मुंग्या येऊ लागल्यात.
आता दुखेल.